फुटबॉलच्या रस्त्यावरचे माझे टेबल

मी भंडाऱ्याकडची मोहाडी सोडली तेव्हा तहसील कचेरीपुढे तीन अर्जनवीस बसत होते आणि चौथ्या टेबलास जागा नव्हती. माझे शिक्षण नववीपर्यंत. परंतु माझ्या मसुद्यात खोडतोड नसते, हे ते तिघेही जाणून होते. बस सुटताना आईने तांदळाची थैली खिडकीतून आत ढकलली आणि विचारले, "तिकडं आपल्यासारखा भात भेटते का, बापू?"

भेटत नाही. बाकी सर्व भेटले. नवी मुंबईत एका सरकारी कचेरीबाहेर, पिंपळाखाली, बावीस वर्षे माझे टेबल आहे. तिकडे मी धानाच्या बांधीवरून, म्हणजे भातखाचरावरून, झालेल्या भांडणांचे अर्ज लिहीत असे. येथे सोसायटीच्या पार्किंगचे लिहितो, ॲफिडेव्हिट करतो, ऑनलाइन फॉर्म भरून देतो.

मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा आमच्या शहरात होणार हे ठरले आणि वस्तीस जणू लग्नघराचे रूप आले. भिंतींवर चेंडू रंगले. बायका लेझीम बसवू लागल्या. आमच्या भंडारावाल्यांच्या ग्रुपवर लाखनीच्या एका ट्रकवाल्याने लिहिले, "काहो, फॉरेनच्या पोरी येऊन राहिल्या, त्यायचाही अर्ज लिहून देता का?" पाहुण्या संघांसाठी मी दीड पानी स्वागतपत्र लिहून ठेवले. ते कोणी मागितले नव्हते, तरी शहराच्या वतीने कोणीतरी लिहावयास हवे होते.

त्याच आठवड्यात कचेरीतून तोंडी हुकूम आला. संघांच्या बसेस ह्याच रस्त्याने जाणार, सबब स्पर्धा संपेपर्यंत टेबले हटवा. एकदा उठवलेले टेबल पुन्हा बसू देत नाहीत, हे आमच्या धंद्यात सर्वांस ठाऊक आहे. पिंपळाखाली बसणाऱ्या आम्हा पाच जणांच्या वतीने मी अर्ज केला. माथ्यावर नेहमीप्रमाणे माझा पत्ता लिहिला: मूळ राहणार तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम नवी मुंबई.

कचेरीतल्या अधिकाऱ्याने नेमके तेथेच बोट ठेवले. "तुम्हीच लिहिलंय काका, घर तिकडे, इथे नुसता मुक्काम. मग महिनाभर घरी जाऊन या की."

मागे उभे असलेले एक नोटरी हसले. गाव सोडून आलेल्या किती माणसांच्या नावापुढे मी ही ओळ लिहिली असेल! गावाशी इमान म्हणून लिहीत आलो, आणि आज तीच माझ्यावर उलटली होती.

मी अर्ज परत घेतला, साहेबांच्याच टेबलावर टेकवून 'हल्ली मुक्काम' हे दोन शब्द खोडले आणि म्हणालो, "हुकूम लेखी द्यावा. अपील मी येथे उभ्याने लिहितो." लेखी हुकूम काही निघाला नाही. शेवटी साहेब म्हणाले, टेबलावर निदान चादर तरी बरी टाका. मी पांढरी टाकली आहे. उद्या पहिली बस जाईल, तेव्हा मी खुर्चीवर असेन.

वडिलांना फोनवर हे सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे गावाले खोडलं तू?"

जे तिकडे राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या सर्वांस कळावे की गाव खोडलेले नाही. माझ्या अर्जावर आता दोन पत्ते आहेत आणि दोहोंपुढे 'राहणार' असेच लिहिले आहे. एक माणूस दोन ठिकाणचा कसा, अशी कोणाची हरकत असल्यास ती लेखी यावी.