बूट बाहेर

हल्ली मी मुलाखती घेतो त्या मोबाइलवर. समोरचा मुलगा कमरेपर्यंतच दिसतो. वर इस्त्रीचा शर्ट, टाय. मोटर का तापते, असं विचारलं की तो छान बोलतो. मी मान डोलवतो आणि मनात एकच विचार येतो, याच्या पायात काय असेल? माझी मुलाखत पायांनीच गाजवली होती, म्हणून ही खोड.

डिप्लोमा होऊन वर्ष झालं होतं आणि मी गोडादऱ्याच्या आमच्या खोलीत पंख्याखाली बसून होतो. आईनं गावाकडे सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगा इंजिनियर झाला. आता दर फोनला तिकडून विचारणा, "मग, कुठे लागला?" आई विषय बदलून पाऊस किती झाला ते विचारायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि अशात एका कापड रंगवायच्या मिलमधून बोलावणं आलं. मेंटेनन्स इंजिनियर, इलेक्ट्रिकल. ही नोकरीही गेली तर आप्पा मला उधन्याला त्यांच्या शेजारच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभं करणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

आप्पा म्हणजे वडील. त्यांच्या कारखान्यात चपला दाराबाहेर. आत आलं की लूमला हात लावायचा, तो छातीला न्यायचा, मग बटण. त्या सकाळी रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, तरी मला दारात थांबवून म्हणाले, "भाऊ, जठून भाकर येस, तठे पायमा काही नको." जिथून भाकर येते तिथं अनवाणी जायचं. मी हो म्हटलं. घरातून निघताना आपण कशालाही हो म्हणतो.

बूट पर्वत पाटियाच्या फुटपाथवरचे, काळे, नवेकोरे. मोजे मात्र धाकट्या भावाचे, शाळेचे. वर दोन लाल पट्टे. पँटखाली कोण बघतं?

मिलमध्ये बाहेर बाकावर आम्ही पाच-सहाजण. माझं नाव पहिलं. केबिनचं दार उघडलं तर आत पांढरी लादी, तोंड दिसेल अशी. पाय आपोआप थांबले. वाकून बूट काढले, दाराशी नीट जोडीनं ठेवले आणि आत गेलो. खुर्चीत बसल्यावर वाटलं, चला, अर्धं काम झालं.

समोर शेठ आणि चीफ इंजिनियर. शेठ शांत, चीफ साहेबांनी सुरुवात केली, "चालू पॅनल पर काम करना है. पहले क्या करोगे?"

हा प्रश्न मी आरशासमोर घोकलेला. मेन बंद, त्याला कुलूप, टेस्टरनं खात्री, हातात रबरी मोजे. आणि शेवटी, चढ्या आवाजात, "सबसे जरूरी, सर, पैर में इन्सुलेटेड बूट. बिना बूट का आदमी माने जमीन तक गया हुआ वायर."

चीफ साहेब खूश झाले. मग त्यांचं पेन घरंगळलं. ते टेबलाखाली वाकले आणि वर यायला त्यांना बराच वेळ लागला.

"और आपके बूट?"

"बाहर हैं, सर."

"बाहर क्यूँ?"

इथं माणूस काहीतरी बनवून सांगतो. मी म्हणालो, "पप्पा ने बोला था."

शेठ छताकडे बघू लागले. चीफ साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "जाओ, पहन लो. प्लांट में चलते हैं."

दार उघडलं आणि बघतो तर बाहेर बुटांची रांग. माझी जोडी बघून बाकीच्यांना वाटलं, इथली हीच रीत. सगळे उमेदवार मोज्यांवर, हातात फायली, गंभीर. आणि बूट? सगळे काळे, सगळे नवे. हाताला लागले ते घातले. उजवा चावत होता. प्लांटमध्ये मी लंगडत फिरलो. उत्तरं मात्र तिथं उत्तम झाली असावीत, कारण मशीनच्या आवाजात मी काय बोलतोय ते साहेबांना ऐकूच येत नव्हतं. परत आलो तर बाकावरच्या एकानं माझे बूट पुढे केले. "भाई, मेरे दे दो. मेरा नंबर आया."

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. भाऊ लोळून हसला. आई म्हणाली, "गई नोकरी." आप्पा पाळीला निघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "मंग काय चुकनं त्यात?"

आठवड्यानं फोन आला. ऑफिसातल्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "बूट बाहर निकालने वाले आप ही ना? सोमवार से आना है. पहन के आना."

पहिल्याच दिवशी सेफ्टी बूट मिळाले, पुढे लोखंडी टोपी असलेले. घरी आलो, सवयीनं दाराबाहेर काढले. आप्पांनी एक उचलला, तळहातावर तोलला, तळ दाबून पाहिला. मग जोडी घेऊन सरळ आत गेले आणि देवाच्या फळीखाली, त्यांच्या लूमच्या जुन्या धोट्याशेजारी ठेवली. आमच्या घरात पायातलं काही उंबरठ्याच्या आत गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आई ओरडणार तेवढ्यात ते म्हणाले, "कामना शेतस." कामाचे आहेत. "राहू दे."