तापलेलं इंजिन

जळक्या ऑइलचा वास आला की जुन्या हुबळीतली ती दुपार आठवते. रोटरी इंजिनची, रंग उडालेली स्पोर्ट्स कार बघायला गेलो होतो आणि माझं खूळ उतरवायला अप्पा सोबत आले होते. असलं जुनं इंजिन तापल्यावर पुन्हा सुरू होतं का, एवढंच बघायचं होतं. फेरी मारून बंद केलं, तर ते सुरूच होईना. “बेडप्पा,” अप्पा कानडीत म्हणाले, “नको रे बाबा ही. उतर,” आणि स्वतःच उठेनात, सीट इतकी खाली. मी आणि मालकाने ओढून पाहिलं. शेवटी त्यांना चहा आतच दिला. तेवढ्यात इंजिन गार होऊन सुरू झालं. “घेऊन टाक,” अप्पा म्हणाले, “घरी जाऊन उतरतो.” आता रोज संध्याकाळी ते तिच्यातच पेपर वाचत बसतात आणि जेवायच्या वेळी मी त्यांना ओढून बाहेर काढतो.