आंब्याच्या पानावरची अळी

दसऱ्याच्या सकाळी मी आंब्याची पानं तोडत होते, तेसुद्धा वैतागून. नऊ दिवस गरब्याच्या भोंग्यांनी झोपेचं खोबरं केलं होतं. रोज वासण्यातल्या घरून शहरात अलकापुरीतलं ऑफिस गाठायचं, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक, आईच्या गोळ्या, धुणं. हाताशी आलेली एक सुट्टी, तीही तोरणात जाणार होती. बाजारात तयार तोरणं ढिगानं मिळतात. पण आमच्याकडे पानं घरच्या आंब्याची लागतात आणि घरातल्याच कुणीतरी तोडायची असतात. घरातलं कुणीतरी म्हणजे मीच.

परडी निम्मी भरली असेल, तेव्हा हातातलं एक पान हललं. वारा तर अजिबात नव्हता. निरखून पाहिलं, तर पानाच्या मधल्या शिरेवर एक हिरवीगार अळी लांब ताणून पडली होती. पाठीवर पिवळसर रेघ, बरोबर शिरेच्या जागी. दोन्ही अंगांना पिसांसारखे काटे, पानाला चिकटून पसरलेले. ती हलली नसती तर तोरण करताना मी तिलाच ओवून मोकळी झाले असते.

आई मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिनं जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेही गुजरातीतून. परसातल्या मुंगळ्यालाही ती त्याच्या पूर्ण नावानं ओळखायची. हल्ली तिला कशात फारसा रस उरला नव्हता. म्हटलं, यानं तरी ती खूश होईल. ते पान परडीत ठेवून मी झाडाखालूनच तिला अळीचं वर्णन सांगत आले आणि पान काढून तिच्या हातात दिलं.

आईनं पान तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

"बॅरन फुलपाखराची अळी," ती म्हणाली. "आंब्यावरच असते. हे काटे टोचत नाहीत हं, नुसता देखावा. शांतीथी, निवांत बघ, शिरेवर कशी नीट पडलीय. मी वर्गात पान फिरवायची, तर अर्ध्या मुलींना सापडायची नाही."

कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली. मला इतकं बरं वाटलं की फोटो काढायला मी फोन घेऊन तिच्याजवळ वाकले.

पानावर काहीच नव्हतं. मी ते उलटून पाहिलं, खाली ओट्यावर पाहिलं. मग परडीत पाहिलं. अळी तिथे होती, आपल्या पानावर, जशीच्या तशी. घाईत मी आईला भलतंच पान दिलं होतं.

"आई, या पानावर अळी नाहीये."

"पडली असेल."

"पडली नाही. ती परडीतच आहे."

तिनं पानावरून हळूच बोट फिरवलं. मग पान मांडीवर ठेवलं.

"डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही," ती म्हणाली. "उजव्यानं कडेकडेचं दिसतं. मध्ये सगळं धुरकट."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

उन्हाळ्यापासून! म्हणजे 'तूच वाच, तुझा आवाज बरा वाटतो' म्हणून ती पेपर माझ्या हातात देत होती तेव्हापासून. भाजी निवडायचा कंटाळा येतो म्हणाली होती. त्यावर मी, 'सगळं तुला हातात आणून द्यायचं का?' असं तिला फाडकन बोलले होते. सहा महिने मी तिच्यासमोर ताट वाढत होते आणि माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढलाच. शरम वाटली की मला आधी राग येतो.

आई शांतपणे म्हणाली, "संध्याकाळी आल्यावर तू चपला कशा टाकतेस ते ऐकते ना मी. त्यात आणखी एक डॉक्टर तुझ्यामागे कुठे लावू?"

तिचा हात हातात घ्यावा, एवढंही मला सुचलं नाही. मी मनातल्या मनात उरलेल्या रजा मोजत होते.