खरी हाक

नव्या स्टेशनमास्तरबाईंची आणि स्टेशनवर घोषणा करणाऱ्या भोंगाकाकांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मध्ये अख्खी खाडी होती. बाईंची गाडी सिग्नलसाठी पलीकडे उभी, आणि अलीकडून माइकवरचा आवाज आला तो असा, की डब्याच्या खिडक्या थरथरल्या, रडणारं तान्हं पोर ओशाळून गप्प झालं आणि आपल्यालाच बोलावलं की काय म्हणून खाडीतले मासे वर आले. "अहो हिरव्या छत्रीवाल्या वहिनी, बसा निवांत! गाडी अजून पलीकडेच लोळतेय!"

बाईंनी कपाळाला हात लावला. हे रत्न आता आपल्या पदरात!

हळूहळू त्यांना त्या आवाजाची गोम कळली. समुद्रावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं हे चिमुकलं स्टेशन. फलाटावर सावली नावालाही नाही, म्हणून परतीची मंडळी मागच्या पडवीत वाऱ्याला पाय पसरून बसत. तिथून रूळ दिसत नसत. काका पहिली हाक देत ती रेल्वेने लिहून दिलेली, ठरल्या वेळेची. तिला कुणी भीक घालत नसे, कारण गाडी हमखास खाडीपलीकडे रेंगाळे. मग इंजिन पुलावर दिसलं की काका गरजत, "उठा आता! चपला घाला! आपापली पोरं उचला!" ही खरी हाक. पडवी क्षणात रिकामी.

अशात निरोप आला: घोषणांसाठी यंत्र बसवायचा विचार आहे, साहेब स्वतः ऐकायला येताहेत. काकांनी अन्नपाणी टाकायचंच काय ते बाकी ठेवलं. माइक गेला तर हा माणूस मिटून जाईल, हे बाईंना दिसत होतं.

"काका, आज लिहिलंय तेवढंच बोलायचं. एक अक्षर जास्त नको."

"मग लोक उठणार कसे, मॅडम?"

"गाडी आली की लोक उठतात, काका. जगभर उठतात!"

"आपल्याकडे नाही उठत."

"माइक हवाय ना तुम्हाला?"

काकांनी तोंडाला कुलूप घातलं.

साहेबांनी दिवसभर ऐकलं आणि खूश झाले. "शिस्तशीर आहे की! उगाच बदनाम केलंय बिचाऱ्याला." परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून चहावाल्याने त्यांना पडवीत बसवलं. साहेबांनी बूट काढले. तेवढ्यात पहिली हाक आली, अगदी शुद्ध, सुबक. साहेब उठू लागले.

"बसा हो," शेजारच्या आजी म्हणाल्या, "ही आपली उगाचची. खरी व्हायचीय अजून."

साहेब बसले.

तिकडे इंजिन पुलावर आलं. काका लालबुंद होऊन, तोंडावर दोन्ही हात दाबून बघत राहिले. गाडी आली, थांबली न थांबली, गार्डने शिटी मारली. ओसाड फलाट पाहून बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बोला, काका! काय वाट्टेल ते बोला!"

काका बोलले. कुलूप फुटलं, बहुधा भोंगाही. पडवीतून लोंढा आला, आघाडीवर साहेब, एक बूट पायात, दुसरा हातात. शेवटचा डबा फलाट सोडून निघून जात होता.

"हाक का नाही दिलीत?" साहेब धापा टाकत ओरडले.

"दिली की, साहेब. लिहिलेली."

अख्खा फलाट हसला. मग साहेबही हसले, आणि पुढच्या गाडीपर्यंत काकांशेजारी बसून चहा पीत राहिले. निघताना त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्यासारखा माणूस इथे हवाच!" बाईंचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात यंत्र आलं. काका हल्ली पार्सलच्या खिडकीत बसतात.