टाकीतला पंप आणि थोरले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका मनापासून आणि निःस्वार्थीपणे रागावणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. बाकीच्यांना राग येतो. साडूंना तो असतो, जसा काहींना दमा असतो. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी तयार मालाच्या तपासणीत काढली. मशीनवरून आलेला भाग मोजायचा आणि केसभर जरी कमी-जास्त भरला तरी लाल पेटीत टाकायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर भाग संपले, पेटी मात्र राहिली. तिच्यात ते आता रस्त्यावरचे गतिरोधक, लग्नातले फोटोग्राफर, बोलणाऱ्या लिफ्ट आणि चिवड्यातले बेदाणे टाकतात. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्याकडे पाहून पहिलं वाक्य उच्चारलं ते ‘डावा पाय आखूड आहे’ असं. सासूबाईंनी घाबरून बाळाचं दुपटं सोडून पाहिलं. साडू पाळण्याबद्दल बोलत होते. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवल्यावरच ते जेवायला बसले, आणि श्रीखंड संपेपर्यंत पाळणा भाड्याने देणाऱ्यावर रागावत राहिले.

या रागाला न बिचकणारं घरात एकच माणूस, त्यांची बायको. माझ्या बायकोची ही थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. निवृत्त होईपर्यंत ताई सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवायच्या. सोमवारी सकाळी स्वतः गाडी चालवत जायच्या आणि शनिवारी परत यायच्या. गाडी साडूंनी घेतलेली, पण चालवणार ताईच. साडू तरुणपणी गाडी शिकायला गेले होते. पहिल्याच दिवशी क्लचवरून शिकवणाऱ्याशी भांडण झालं, ते गंगापूर रोडवर मधेच उतरले, चालत घरी आले आणि पुन्हा स्टिअरिंगला शिवले नाहीत. सुट्टीत दोघं कुठे निघाली की ते डाव्या बाजूला बसून सगळ्या रहदारीवर रागवायचे, आणि ताई ‘हो का’ म्हणत गिअर टाकायच्या.

कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या नव्याने येऊ लागल्या, त्या काळातली ही गाडी. तिच्या पेट्रोलच्या टाकीत विजेवर चालणारा एक छोटा पंप असतो. तो ठरावीक दाबाने पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. तो थकला की गाडी चालू होते, खोकते आणि बसते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो थकला. साडू मला घेऊन शोरूमला गेले. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने संगणकात पाहिलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, “सर, हा पार्ट कंपनीने बंद केलाय. पण आपल्याकडे एक्स्चेंज ऑफर चालू आहे.”

“मी पंप मागतोय,” साडू म्हणाले. “तुम्ही गाडी विकताय. चपलेचा अंगठा तुटला म्हणून चांभार पाय बदलून घ्या म्हणतो का?”

“सर, गाडी खूप जुनी आहे.”

“मीसुद्धा जुना आहे. माझं काय करताय, एक्स्चेंज?”

मुलगा हसला. हसायला नको होतं. त्यानंतर साडूंनी जे ऐकवलं ते ऐकायला सर्व्हिसमधले लोक हातातली कामं टाकून आले. धडधाकट इंजिन, धडधाकट पत्रा, आणि मुठीएवढा पंप मिळत नाही म्हणून सगळं भंगारात घालायला निघालेल्या अकलेचं माप त्यांनी काढलं. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी चीड आली. माझा फक्त आवाज चढत नाही.

मग शोध सुरू झाला. भंगार बाजारातून त्याच जातीच्या गाडीतला जुना पंप आणला. साडूंनी मापाचं घड्याळ लावून दाब पाहिला. तो पंप आमच्या पंपापेक्षाही दमलेला निघाला. त्याची रवानगी पेटीत. मग एका दुकानदाराने ‘सेम टू सेम’ म्हणून नक्कल दिली. ती बसवून आम्ही दिंडोरीच्या रस्त्याला गाडी तपासायला निघालो. त्या दिवशी मी चालवत होतो. चढ लागला तशी गाडीने मान टाकली आणि एका द्राक्षबागेसमोर उभी राहिली. साडू खाली उतरून त्या दुकानदाराचा उद्धार करू लागले. बागेतून एक शेतकरी आला.

“काय काका, गाडी तापली काय?”

“गाडी नाही, मी तापलोय.”

“मंग आधी तुम्ही सावलीत या. गाडीला काय घाई नाय.”

साडू त्याच्यावरही रागावले, पण सावलीत जाऊन.

गाडी टेम्पोला बांधून परत आणताना मी जरा धीर करून म्हणालो, “भाऊसाहेब, काढून टाका ना ही. ताईंना कुठे जायचं असलं तर माझी गाडी आहेच.”

मला वाटलं, आता माझी पाळी. पण ते समोरच्या दोरखंडाकडे बघत बसले. मग म्हणाले, “तिच्या डोळ्यांचा दाब वाढलाय. कडेकडेचं दिसणं कमी होतंय. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिवसाउजेडी चालवा, पुढे बंद. तिला एकदा स्वतःच्या हाताने शाळेपर्यंत जायचंय. तुमच्या गाडीत तिला बटणं शोधावी लागतील. इथे तिचा हात आपोआप जातो.” मग त्यांचा आवाज चढला. “आणि हे म्हणतात, पार्ट बंद. सगळ्यांनी एकदमच बंद करायचं ठरवलंय.”

त्यानंतर मी गाडी विकण्याचं नाव काढलं नाही. तेवढ्याच दाबाचा, पण दुसऱ्या गाडीसाठी अजून बनणारा एक पंप आम्ही शोधून काढला. तो घेराने बारीक होता. अंबडला साडूंच्या एका जुन्या सहकाऱ्याचं लेथ मशीन आहे. तिथे पंपाभोवती बसणारी धातूची कडी करून घेतली. पहिली कडी साडूंनी परत केली. दुसरीही. तो सहकारी शांतपणे म्हणाला, “रिटायर झालास ना रे तू?” तिसरी घेतली.

मागची सीट काढली की टाकीचं झाकण हाती येतं. बॅटरीची वायर सोडून, दारं सताड उघडी टाकून आम्ही कामाला लागलो. टाकीत पेट्रोलमध्ये बुडून राहणारी नळी वेगळ्या रबराची लागते. ती दुकानदाराने साधी दिली होती, म्हणून तीही साडूंनी भांडून बदलून आणली होती. सगळं बसल्यावर ताईंनी किल्ली फिरवली. टाकीतून क्षणभर भुंग्यासारखा आवाज आला आणि थांबला. इंजिन चालू झालं. साडूंनी प्रत्येक जोडावरून बोट फिरवून ओल पाहिली, बोट हुंगलं आणि हळूच म्हणाले, “पास.” हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकला नव्हता.

दिवाळीच्या आधी आम्ही तिघं निघालो. दिंडोरी, वणी, बोरगाव, ताई चालवत होत्या. घाटात गाडी एकदाही कण्हली नाही. भात कापणीला आलं होतं. शाळेजवळ रस्त्यात एका बाईने गाडी ओळखली. ती ताईंची जुनी विद्यार्थिनी. आता तिची मुलगी त्याच शाळेत होती. खिडकीतून ताईंचा हात धरून ती बराच वेळ बोलत राहिली. साडू बाहेर उभे राहून मागे हॉर्न वाजवणाऱ्या जीपवाल्यावर रागावत होते. “थांब ना,” ते म्हणत होते. “बोलतायत ना त्या.”

परतताना वणीच्या अलीकडे उन्हं उतरू लागली. ताईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्या मागे जाऊन बसल्या. साडू सवयीने डाव्या दारापाशी गेले, दार उघडलं, परत लावलं आणि मागे ताईंशेजारी जाऊन बसले. मी निघालो. काही वेळाने त्यांचा आवाज सुरू झाला.

“अर्ध्या रस्त्यात ट्रॅक्टर लावलाय बघ. वर टोमॅटोचे क्रेट, आणि त्यावर एक माणूस खुशाल झोपलाय. अक्कल नाही.”

“हो का,” ताई म्हणाल्या.

“डोंगर अर्धा फोडून ठेवलाय. वरचं झाड मात्र आहे अजून. त्यावर बगळे. पांढरं करून टाकलंय सगळं.”

“किती आहेत?”

“मोजतोय,” साडू रागावून म्हणाले. मग खिडकीबाहेरची नजर न काढता ते मला म्हणाले, “अहो, गाडी जरा हळू घ्या.”