अंबरनाथची जिग आणि सगुणाबाईंचा अंगठा

अंबरनाथला जायचे ठरले तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच कबूल करतो. भंडाऱ्याकडच्या मॅंगनीजच्या खाणीत केमिस्ट म्हणून पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला कुणी चार दिवस मुंबईकडे जाऊन या म्हटले, तर तो नको कशाला म्हणेल? कॉलेजातला मित्र वसंता बदलापूरला राहतो. 'ये एकदा' असे त्याचे पत्र दोन वर्षे माझ्या टेबलाच्या खणात पडून होते. शिवाय तिथले जुने शिवमंदिर पाहायचे होते.

काम असे होते. आमच्याकडे खाणीतून निघालेला दगड बायका हातोडीने फोडतात आणि त्यातला माल, म्हणजे काळे मॅंगनीज, एकीकडे, गारगोटी दुसरीकडे अशी निवड करतात. गवती छपराखाली चाळीस बायकांची ओळ बसते. हेच काम करणारी यंत्रे अंबरनाथच्या एका कारखान्याने आमच्यासाठी बनवली होती. दोन लोखंडी जबड्यांत दगड फोडणारा क्रशर, फोडलेली खडी लहानमोठी वेगळी करणारी फिरती चाळण, आणि शेवटी जिग. जिग म्हणजे जाळीच्या तळाची पेटी. तिच्यात पाणी खालून वर उसळत राहते, जड माल तळाशी बसतो आणि हलकी गारगोटी वरून वाहून जाते. आमच्या खाणीच्या दगडाची पोती मालगाडीने पुढे गेली होती. यंत्रे चालवून पाहायची आणि कागदावर पसंत किंवा नापसंत लिहायचे, एवढेच माझे काम. यंत्राची निवड हाताच्या निवडीशी ताडून पाहायला ओळीतली एक बाई बरोबर न्यायची होती. मॅनेजरांनी सगुणाबाईंचे नाव काढले. त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "यंत्र पसंत पडलं तर चाळीसातल्या सहा ठेवू. तरण्या. पण हे तिकडे बोलत बसू नका."

मी "बरं" म्हणालो.

सगुणाबाई माझ्याच वयाच्या, पंचेचाळीसच्या आसपास. नवरा खोदाईवर होता, आता खोकल्याने घरी बसलेला. घर त्यांच्या हातोडीवर चालते. स्टेशनावर त्यांनी विचारले, "मले कायले नेता जी, बाबू?"

"तुमचा हात बघायचाय त्यांना."

त्या लाजल्या. गाठोड्यातून हातोडीचा दांडा बाहेर आला होता, तो त्यांनी पदराखाली झाकला.

नागपूरहून मुंबईची गाडी धरणाऱ्यांनी थेट मुंबईपर्यंत जाऊ नये. कल्याणला उतरून कर्जतच्या बाजूची गाडी घ्यावी. थंडीचे दिवस असतील तर शाल हाताशी ठेवा, इगतपुरीच्या घाटात गार वारा बोचतो. खाणीने मला दुसऱ्या वर्गाचे तिकीट दिले होते, सगुणाबाईंना तिसऱ्या. मोठ्या स्टेशनांवर उतरून मी त्यांना चहा नेऊन देत होतो. माझे तिकीट बदलून घ्यावे असे दोनदा मनात आले. दोन्ही वेळा गाडी सुटायची वेळ झाली होती. असे मी तेव्हा डायरीत लिहिले आहे, पण ते खरे नाही. दुसऱ्या खेपेला गाडी तिथे चांगला अर्धा तास थांबली होती.

कल्याणच्या पुढे रुळाच्या बाजूला लष्करी बराकींच्या रांगा दिसू लागतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे इथे राहतात. डब्यात एक गृहस्थ शेजाऱ्याला समजावत होते, "कॅम्प म्हणायचं नाही आता. उल्हासनगर म्हणायचं."

"नाव बदललं म्हणून नळाला पाणी येतं का?" शेजारी म्हणाला, आणि डबा हसला.

वसंताचे घर बदलापूरला कुळगावात, स्टेशनापासून चालत दहा मिनिटे. दोन खोल्या, मागे पडवी. वहिनींनी माझी गादी पुढच्या खोलीत घातली, सगुणाबाईंना पडवी दिली आणि जेवायला वेगळी पत्रावळ. मी हात धुऊन पाटावर बसलो. जेवण मात्र उत्तम होते. कुणी बोलावले तर बदलापूरचे वालाचे बिरडे चुकवू नका.

सकाळी मी उठलो तेव्हा वहिनी पडवीत उकिडव्या बसल्या होत्या. सगुणाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, आणि बघत होत्या अंगणातल्या कोंबड्यांकडे.

"अहो भावजी, या बघा! न बघता खडे काढतात!"

"बोटाले समजते न जी," सगुणाबाई म्हणाल्या. वहिनींनी लगेच घरातल्या सगळ्या डाळी बाहेर आणल्या. रात्री माझ्याकडून यंत्रांची हकीकत ऐकलेला वसंता म्हणाला, "अगं, त्या पाहुण्या आहेत. त्यांची जिग करू नकोस."

तो कारखाना अंबरनाथ स्टेशनापासून फार लांब नाही. पत्र्याची एक मोठी शेड, दारात लोखंडाचा कीस. मालक लालचंद मिस्त्री. सिंधमध्ये सक्करला त्यांचा स्वतःचा कारखाना होता. इथे आल्यावर काही वर्षे दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केले, आता ही त्यांची पहिली मोठी यंत्रे. त्यांनी नवा सदरा घातला होता. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"साईं, आमचा मशीन झूठ बोलणार नाय," ते म्हणाले. "बसा अम्मा, खुर्चीवर बसा." सगुणाबाई जमिनीवरच बसल्या, जिगमधून गारगोटी जिथे बाहेर पडत होती, तिथे.

क्रशर सुरू झाला तेव्हा जमीन हादरली. आमच्याकडे एक बाई ज्या दगडावर सहा घाव घालते, तो त्या जबड्यात एका दमात खडी होऊन पडत होता. मी केमिस्ट आहे, यंत्राचे मला अप्रूप वाटते. खोटे का बोलू, माझे अंग शहारले. चाळण फिरली, जिगचे पाणी उसळू लागले. तळाशी काळा माल, वरून पांढरी गारगोटी. लालचंदांनी माझ्याकडे पाहिले. मी खिशातले पेन काढले.

तेवढ्यात सगुणाबाईंनी हाक मारली. "बाबू, हे कायले फेकून रायले जी?"

टाकाऊ खडीतून त्यांनी मूठमूठ दगड वेचून पदरात घेतले होते. एक उचलला, थुंकी लावून अंगठा घासला. अंगठा काळा झाला. माल होता तो. जाळीदार, भोकाभोकांचा, म्हणून वजनाला हलका. आमच्या खाणीत असा माल बराच निघतो. जिगला तो गारगोटीसारखाच हलका वाटत होता, आणि जिग तो फेकून देत होती.

लालचंदांचा चेहरा उतरला. त्यांनी पाण्याचा जोर कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. जाळीदार माल वाहतच होता.

हा क्षण मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे. यंत्र नापास होत होते. मला फक्त खरे तेच लिहायचे होते. नापसंत. परतीची गाडी धरायची, आणि चाळीस बायका आपल्या ओळीत बसून राहणार.

सगुणाबाई माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमी पावसाळ्यात कसं करतो, सांगू का जी त्याईले?"

यंत्र पसंत पडले तर काय होणार हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. त्यांनी मला विचारले, कारण मी त्यांचा बाबू होतो.

"सांगा," मी म्हणालो.

मग त्या लालचंदांना सांगू लागल्या. त्यांचे हिंदी तुटके, यांचे मराठी मोडके, तरी एकही शब्द अडला नाही. "पोकळ दगड कोरडा असला का हाताले फसवते. आमी टोपली रातभर नालीत बुडवून ठेवतो. तो पानी पिते. मंग जड होते. गारगोटी पानी पीत नाही. सकाळी हाताले बरोबर समजते."

लालचंद बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून ओरडले, "अम्मा! मी तीस साल लोहा पीटला, आणि तू मला पाणी शिकवलं!" शेडमागच्या हौदात उरलेली पोती बुडवली.

दुपारी त्यांनी आम्हाला जेवायला उल्हासनगरला नेले. बराकीच्या एका लांब खोलीत पोत्यांचे पडदे लावून तीन कुटुंबे राहत होती. लालचंदांच्या पत्नीने भाज्या घातलेली बेसनाची कढी आणि भात वाढला, आधी पापड. आम्हा दोघांना सारखी ताटे, शेजारी शेजारी. सगुणाबाईंनी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मगच पहिला घास घेतला.

"गाव सुटलं तवा सोबत काय आनलं जी?" त्यांनी विचारले.

लालचंदांनी दोन्ही तळवे पुढे केले. "हे. कारखाना तिकडे राहिला. कारीगराचे हाथ सलामत, तर कुठेपण रोटी, अम्मा."

"खरं हाये," सगुणाबाई म्हणाल्या. मी पापड मोडत राहिलो.

तिथून शिवमंदिरात गेलो. अंबरनाथ स्टेशनापासून वाट पायी जाण्यासारखी आहे. गर्दी नको असेल तर सोमवार टाळा. शेजारून वालधुनीचा ओढा वाहतो. बाहेरच्या कोरीवकामाने डोळे दिपतात, पण खरे नवल आत आहे. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचे, आणि डोक्यावर उघडे आकाश. दर्शन घेऊन वर आलो तर सगुणाबाईंनी भिंतीच्या काळ्या दगडावर ओला अंगठा घासून पाहिला.

"देवाचा दगडही तपासता?"

"सवय न जी." अंगठा स्वच्छ होता. "माल नाही. पण घडवनाऱ्याचा हात चांगला."

मग पायरीवर बसून त्यांनी विचारले, "मशीन आली का आमी कोठं बसाचं, बाबू? आज मी बसली होती तिकडे गारगोटीपाशी, का तळाच्या मालाकडं?"

सांगायची वेळ तीच होती. पोती भिजत पडली होती. सांगितले असते, तर त्यांनी लालचंदांना जाऊन थांबवले नसते, कदाचित मला नुसते विचारले असते, की मग मला 'सांगा' का म्हणालात.  आजही मी स्वतःला सांगतो की चांगला माल वाया जाताना गप्प बसणे हा अप्रामाणिकपणा झाला असता. मग पायरीवर गप्प बसलो, ते काय होते?

"बघू," मी म्हणालो. "मॅनेजर ठरवतील."

दुसऱ्या दिवशी भिजवलेला दगड यंत्रात घातला. जाळीदार माल तळाशी बसला. सगुणाबाई टाकाऊ ढिगात हात घालून बराच वेळ शोधत होत्या. शेवटी रिकामा हात वर करून हसल्या. "काई नाही सापडून रायलं!" मी कागदावर पसंत लिहिले. लालचंदांनी जाळीच्या उरलेल्या तुकड्याची पिठाची चाळणी करून त्यांना दिली. परतीच्या वाटेवर प्रत्येक स्टेशनावर मी चहा घेऊन गेलो, तेव्हा ती चाळणी त्यांच्या मांडीवर होती.

यंत्रे बसून आता चार महिने झाले. अहवालात मी 'दगड आधी रात्रभर भिजवावा' असे लिहिले. कुणी सुचवले ते लिहिले नाही. मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली आणि मी थोपटू दिली. सहांच्या यादीत सगुणाबाईंचे नाव घालावे म्हणून मी गेलो, पण एकदाच. "वय झालंय," मॅनेजर म्हणाले. मी परत आलो. ओळीवरचे गवती छप्पर त्याच आठवड्यात काढले.

जाणाऱ्यांनी जरूर जावे. मंदिर पाहावे, कुळगावात राहावे, उल्हासनगरात कुणी जेवायला बसवले तर नाही म्हणू नये. प्रवास सोपा आहे, खर्च बेताचा. मला मात्र कुणी 'काय पाहिलंत' विचारले की मंदिराआधी ते दोन तळवे आठवतात.

गेल्या आठवड्यात सगुणाबाई कचेरीत आल्या. सहा जणींत आपले नाव का नाही, हे त्यांनी तेव्हा विचारले नव्हते आणि आताही विचारले नाही. टाकाऊ ढिगावरून चालत आल्या असाव्यात, पाय पांढरे झाले होते. त्यांनी माझ्या टेबलावर भोकाभोकांचा एक दगड ठेवला.

"मशीनवाले दगड रातभर भिजवून नाही रायले जी," त्या म्हणाल्या. "सांगा त्याईले."

आणि गेल्या. मी दगडाला ओला अंगठा घासला. काळा झाला.