जॉबरमामांची सुरगाठ

जॉबरमामांना गाठ दिसली की हात आवरायचा नाही. पिशवीच्या तोंडाची असो, सायकलच्या कॅरिअरवर आवळलेल्या डब्याची असो, ते जाता जाता तिचं शेपूट धरून ओढून बघत. सुटली तर "हां" म्हणून पुन्हा बांधून देत, नाही सुटली तर बांधणाऱ्याकडे असं बघत की त्याला उगाचच चोरी सापडल्यासारखं व्हावं. एकदा तर साहेबांच्या टेबलावरच्या फायलीची नाडी त्यांनी साहेबांसमोरच ओढून बघितली होती. साहेब बिचारे काही बोलले नाहीत. सोलापुरातल्या आमच्या कापड मिलमध्ये मामा जॉबर, म्हणजे माग खात्याचे मुकादम, त्यांना बोलायची टाप कुणाची होती?

गंमत म्हणजे माग खात्यात हाच माणूस दिवसभर न सुटणाऱ्या गाठी मागायचा. ताण्याचा उभा धागा तुटला की विणकर तो चिमटीत धरून निरगाठ मारतो. बारीक, घट्ट, आणि तिचं शेपूट अगदी आखूड ठेवतो, नाहीतर ते पुढं फणीत अडकतं. आमची बोटं ही गाठ न बघता मारायची. शेपूट केसभर लांब राहिलं तरी मामा पाठीमागून येऊन कानात ओरडत, कारण मागांच्या खडखडाटात दुसरं काही ऐकूच यायचं नाही. पण मिलच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की त्यांचा कायदा बदलायचा. "आत निरगाठ, भाईर सुरगाठ," ते म्हणत. "माणसाच्या अंगाला लागनारी गाठ एका हिसक्यात सुटाय पायजे. न सुटनारी गाठ मंजे फास हाय फास."

मी वैरागहून आलेला बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी कायमचा कामगार गैरहजर असला आणि जॉबरनं आपलं नाव घेतलं तर आत जायचं, नाहीतर भवानी पेठेतल्या खोलीवर परत. असं दीड वर्ष चाललं होतं. गावाकडं वडील विचारून थकले होते की मुलगा कायम कधी होणार. त्या वर्षी दिवाळीनंतर काही बदली कामगारांना कायम करणार असं खात्यात बोललं जात होतं, आणि कुणाचं नाव वर कळवायचं हे मामांच्या हातात होतं. त्यामुळं मामांनी सुट्टीच्या दिवशी नदीवर चल म्हटलं की मी तोंड धुवायच्या आधी सायकल बाहेर काढायचो.

नदीचं हे खूळ त्यांना दुष्काळात लागलं. सीना आटली, गावाबाहेरच्या पुलाखालचा डोह तळापर्यंत उघडा पडला, आणि मामा गळ घेऊन गेले ते तळ बघून परत आले. फुटकी मडकी, चिंध्या, काटेरी झुडपं, फाटकी जाळी, सगळं चिखलात रुतलेलं. पुढच्या पावसानं पाणी आलं, पण मामांच्या डोक्यातून तो तळ गेला नाही. त्यांनी आम्हा आठ-दहा जणांना गोळा केलं. सकाळी श्रमदान, दुपारी मासेमारी. एक टोपलं घाण काठावर आल्याशिवाय कुणी गळाला गांडूळ लावायचं नाही. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "ज्याच्या घरातनं काय न्यायचं, त्याचं घर तरी झाडून यावं की." लाल पिलांचा पुंजका सांभाळत फिरणारी मरळ दिसली तर गळ गुंडाळून दुसरीकडं जायचं, हाही त्यांचाच नियम. आणि गळ पाण्यात असेपर्यंत बोलायचं नाही.

पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हा सगळ्यात कडक नियम होता. गढूळ पाण्यात चाकू-कोयत्यासारखं हत्यार न्यायचं नाही, कारण तिथं स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. दोराला एक हिसका म्हणजे सैल सोडा, दोन म्हणजे ओढा. दोर कशात गुंतला तर सुरगाठीचं लांब सोडलेलं शेपूट ओढायचं आणि मोकळं होऊन वर यायचं. प्रत्येकाच्या कमरेची गाठ मामा स्वतः ओढून बघत आणि मगच उतरू देत. दोर धरायला बहुतेक वेळा इराप्पा असायचा. तो अक्कलकोटकडचा, कायमचा कामगार, मानेनं बैल आणि स्वभावानं गाय.

ते दिवस थंडीचे होते. डोहात बुडालेल्या बाभळीच्या खोडाला कुणाचं तरी नायलॉनचं जाळं अडकलं होतं आणि त्यात मासे मरून सडत होते. मामा तेव्हा पन्नाशीला आलेले, पण जाळं सोडवायला तेच उतरले. पहिल्या बुडीत त्यांनी जाळ्याचा एक काठ मोकळा केला. वर येईतो दोर ओला होऊन कमरेवरून ढिला झाला होता आणि गाठ सुटली होती. छातीभर पाण्यात दोन्ही हातांनी जाळं धरून ते उभे राहिले. सोडलं असतं तर ते पुन्हा तळाला गेलं असतं. मी त्यांच्या पाठीमागं होतो.

"बांद रं कमरंला. बिगी बिगी," ते म्हणाले.

माझी बोटं थंडीनं बधिर झाली होती. मी बांधलं. इराप्पानं काठावरून दोर ताणून धरला. मामांचे हात जाळ्यात होते, त्यामुळं गाठ ओढून बघायची राहिली, आणि ते खाली गेले.

थोड्या वेळानं दोन हिसके आले. मी काठावर येऊन इराप्पामागं दोर धरला होता, आम्ही दोघांनी ओढलं. दोर ताठ झाला आणि अडकला. पुन्हा दोन हिसके. आम्ही आणखी जोर लावला. मग इराप्पाच्या ध्यानात आलं की दोर खोडाच्या बेचक्यातून फिरलाय, आणि आपण ओढतोय तसतसे मामा खोडालाच आवळले जातायत. "सोड! सोड!" तो ओरडला. आम्ही दोर सैल सोडला, पण तो बेचक्यात घट्ट रुतला होता. आता शेपूट ओढून मामा वर येणार, असं सगळे पाण्याकडं बघत राहिले. मामा येईनात. पाण्यावर बुडबुड्यांचा मोठा लोट आला आणि मग तोही थांबला. त्या क्षणी मला माझी बोटं आठवली. त्यांनी काय बांधलं होतं ते आठवलं. मी दीड वर्ष जी गाठ मारत होतो तीच मारली होती, निरगाठ, आणि शेपूट आखूड करून आत खोचलं होतं.

मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. हातातला दोर मी तसाच धरून राहिलो. इराप्पानं सदऱ्यासकट उडी मारली, आणि तेवढ्यात बाभळीच्या पलीकडं मामांचं डोकं वर आलं. कमरेला दोर नव्हता. दोन्ही बाजूंनी कातडं सोलून निघालं होतं. छातीतली सगळी हवा सोडून, पोट पाठीला लावून, त्यांनी तो दोर मांडीवरून खाली ढकलला होता. म्हणजे ते बुडबुडे त्यांनी सोडलेल्या श्वासाचे होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर आत घ्यायला पाणीच होतं.

काठावर त्यांना चादरीत गुंडाळून बसवलं. दात वाजत होते, तरी पहिलं वाक्य आलं, "जाळं घ्या वर." जाळं आलं. मग दोघांनी वेळूनं ढोसून दोर सोडवला. तोही आला, आणि त्याच्या टोकाला तो फास तसाच होता, गाठीसकट. मामांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं गाठ चाचपली, शेपूट शोधलं. नव्हतंच. त्यांनी तो फास समोरच्या दगडावर ठेवला.

"ही गाठ कुनी मारली?"

पाण्यात त्या वेळी इतके जण होते की कोण कुठं होतं हे बाकीच्यांना सांगता आलं नसतं. इराप्पाला आलं असतं, त्यानं माझे हात बघितले होते. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मामांची नजर त्याच्यावरच थांबली, कारण दोर नेहमी त्याच्याकडं असायचा. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी मामांच्या कमरेचं कातडं दिसत नव्हतं, मिलचं फाटक दिसत होतं.

"बरं," मामा म्हणाले. "टोपली भरल्यात. गळ टाका."

ती दुपार मला जन्मभर पुरली. बोलायची बंदी, त्यामुळं कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. मामा चादर पांघरून माझ्यापासून दहा हातांवर बसले होते. मधूनच कमरेला हात लावायचे आणि तोंड वाकडं करायचे. तो फास दगडावर उन्हात वाळत होता. इराप्पा ओल्या सदऱ्यात कुडकुडत होता, आणि त्याच्या शेजारी आज कुणी बसलं नव्हतं. मी हळूच त्याच्याजवळ सरकलो तर तो पाण्यावरची नजर न काढता कानडीत पुटपुटला, "सुम्म कुंद्रो." गप बस. माझ्या वाटणीचं तो गिळायला बसला होता, आणि मी त्याला ते गिळू देत होतो.

माझ्या गळाचं बूच एकदम खाली गेलं. वेळूची काठी वाकली. मरळ होती, आणि मोठी होती, तिनं सरळ लव्हाळ्याकडं धाव घेतली. माझ्या हातून गळाचा तंगूस दोरा तुटणार हे बघून मामा उठून पाठीमागं येऊन उभे राहिले. "सैल सोड," ते कानाशी म्हणाले. "सोड… आता वढ. हिसका नगं." त्यांच्या अंगाला नदीचा वास येत होता. सैल सोड, ओढ, सकाळच्या त्या दोराच्या हिसक्यांचे अर्थही हेच होते. मासा काठाला आला, त्याचं काळं डोकं दिसलं, आणि मला पुढं धरवेना.

"मामा, ती गाठ मी मारली."

माझे हात ढिले पडले. मरळ उसळली, गळ सोडून गेली. पाणी पुन्हा जिथल्या तिथं आलं.

"मासा घालवलास की रं," एवढंच मामा म्हणाले आणि आपल्या जागी जाऊन बसले. इराप्पानं मोठा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

सोमवारी फाटकावर मामांनी माझं नाव घेतलं नाही. मंगळवारी घेतलं नाही. बुधवारी माझ्या मागं उभ्या असलेल्या नव्या माणसाला आत घेतलं. शुक्रवारपर्यंत मी मनात वैरागचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. शनिवारी इराप्पा खोलीवर आला आणि म्हणाला, "उद्या सायकल घिऊन ये. मामांनी सांगितलंय." का, ते त्यालाही माहीत नव्हतं. चारचौघांत शोभा करणार, असं धरूनच मी गेलो.

डोहात बाभळीचं खोड अजून होतं, त्या दिवशी तेच काढायचं होतं. मामा लंगोट लावून आले. कमरेवर दोन्ही बाजूंनी खपली धरली होती. दोराचं भेंडोळं त्यांनी माझ्यासमोर टाकलं. "बांद," म्हणाले. सगळे बघत होते. सुरगाठ मारायला मला दोनदा सोडून बांधावं लागलं. शेपूट मी वीतभर लांब सोडलं. मग मामा ते धरून ओढतील म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. त्यांनी ते केसांवरून फिरवले आणि पाण्यात गेले.

पुढं त्याच वर्षी मी कायम झालो. मामा काही वर्षांनी निवृत्त होऊन गावी गेले, आणि आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी एसटी धरली. खाटेवर हाडं तेवढी राहिली होती. वैरागहून आणलेले पेरू मी फडक्यात बांधून नेले होते, ते त्यांच्या उशाशी ठेवले. त्यांचा हात लगेच गाठीकडं गेला, जुनी खोड. शेपूट चिमटीत धरलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"तूच बांदलंस न्हवं?"

"व्हय, मामा."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि हात मागं घेतला.